इंग्रजी गल्ल्यांची 'नियमावली' खरी नाही

इंग्रजीतल्या रस्त्यांच्या नावांची एक यादी सध्या सगळीकडे फिरते आहे. रोड म्हणजे दोन गावं जोडणारा. स्ट्रीट म्हणजे दुतर्फा घरं असलेला. लेन म्हणजे खेड्यातली अरुंद वाट, ॲली म्हणजे इमारतींमधला बोळ, क्लोज आणि कल-द-सॅक म्हणजे पुढे बंद. खाली ठणकावून लिहिलेलं असतं की प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरलेली आहे आणि नावावरून रस्ता ओळखता येतो. इंग्रजी शिकणारी मुलं हे पाठ करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्ट्रीट आणि रोडचं आधी उरकू. वॉटलिंग स्ट्रीट हा रोमन रस्ता डोव्हरकडून लंडनमार्गे वायव्येला थेट वेल्सच्या सीमेकडे गेला, तोही बराचसा शेतांमधून. दुतर्फा घरांचा इथे प्रश्नच नाही. लॅटिनमधल्या 'स्ट्राटा'पासून आलेल्या या शब्दाचा अर्थ होता फरसबंदीची वाट. 'रोड' मुळात घोड्यावरचा प्रवास. 'रस्ता' हा अर्थ त्याला सोळाव्या शतकाच्या अखेरीस चिकटला. लंडनच्या मध्यभागी असलेल्या जुन्या 'सिटी'तली बहुतेक नावं त्याआधीची, त्यामुळे तिथे 'रोड' नव्हताच. १९९४ मध्ये 'सिटी'ची हद्द बदलली आणि गॉसवेल रोडचा एक तुकडा आत आला.

लेन खेड्यातली आणि अरुंद? ड्रुअरी लेन लंडनच्या भर नाट्यगृहांच्या वस्तीत आहे. पार्क लेन तर पूर्वी टायबर्नच्या फाशीच्या जागेकडे जाणारी टायबर्न लेन होती. १९६०च्या दशकात ती रुंद करून तिथे अनेक पदरी वाहतूक सोडली, तरी नाव लेनच राहिलं. आपल्या गिरगावातल्या खेतवाडीच्या लेनही भर शहरातल्याच. आणि ॲली? 'जाणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून आलेला हा शब्द बागेतल्या झाडांमधल्या फिरायच्या वाटेलाही वापरत.

यादीतली सगळ्यात मोठी चूक 'क्लोज'बद्दलची आहे. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या रॉयल माईल या जुन्या मुख्य रस्त्यावर उभं राहिलं की दोन्ही अंगांना उंच घरांच्या खालून उतरत जाणारे अंधारे बोळ दिसतात. ॲडव्होकेट्स क्लोज, फ्लेशमार्केट क्लोज ही त्यांतली नावं. यांतले कितीतरी आरपार जातात. ॲडव्होकेट्स क्लोजच्या पायऱ्या उतरलात की खालच्या कॉबर्न स्ट्रीटला लागता. मग 'क्लोज' कशामुळे? शब्द आला लॅटिनमधल्या कुंपण घातलेल्या जागेच्या शब्दापासून. बोळ खाजगी, तोंडाशी फाटक, आणि नाव बहुधा तिथल्या मालकाचं किंवा धंद्याचं. म्हणजे बंदिस्तपणा मालकीचा होता, शेवट बंद असण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. शेजारचे 'वाइंड' नावाचे बोळ मात्र सर्वांना खुले. ग्लासगोत तर क्लोज म्हणजे चाळवजा इमारतीतला जिन्याकडे नेणारा सामायिक बोळ.

आता पुढे बंद असलेल्या गल्ल्या. यादीत त्यांच्यासाठी 'क्लोज'सोबत 'कल-द-सॅक' हा शब्दही आहे. तो इंग्रजीत आला अठराव्या शतकात, आणि आधी शरीररचनेच्या पुस्तकांत. रस्त्यासाठी तो त्यानंतर रुळला. मग त्याआधी लंडनकर काय म्हणत? फॅरिंग्डन स्ट्रीटलगतची टर्नअगेन लेन पाहा. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ मध्ये तिच्याबद्दल लिहून ठेवलंय: ही गल्ली फ्लीट नदीच्या पाण्यापाशी संपते, आणि माणसाला आल्या वाटेने परत फिरावं लागतं. नावातच सूचना! म्हणजे 'लेन' असून पुढे बंद, आणि यादीचे दोन नियम एकाच गल्लीत मोडतात.

फ्रेंचांनाही 'कल-द-सॅक' हा शब्द निर्विवाद नव्हता. त्याचा शब्दशः अर्थ पिशवीचा तळ, पण 'कल'चा अर्थ ढुंगण असाही होतो. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरला तो असभ्य वाटे. त्याने 'आंपास' या शब्दाचा आग्रह धरला. आज पॅरिसच्या पाट्यांवर तोच दिसतो.

यादीत जे नाही, त्याची मला जास्त हळहळ वाटते. अरुंद बोळाला यॉर्कशायर-लँकेशायरकडे गिनेल किंवा स्निकेट म्हणतात, ससेक्समध्ये ट्विटन, नॉटिंगहॅमकडे ट्विचेल. स्कॉटलंडमधला 'व्हेनेल' आला लॅटिनमधल्या 'शीर'वरून. न्यूकॅसलमध्ये नदीकडे उतरणाऱ्या बोळाला 'चेअर' म्हणतात. तिथे एक जुनी गोष्ट सांगतात: साक्षीदाराने कोर्टात सांगितलं, चेअरच्या पायथ्यातून तीन माणसं बाहेर आली. बाहेरगावच्या न्यायाधीशाला वाटलं, हा खुर्चीबद्दल बोलतोय, वेडाच दिसतो. ज्युरीतल्या स्थानिकांनी खुलासा केला तेव्हा कुठे साक्ष मानली गेली.

नावावरून ओळखायचं म्हणणाऱ्याने यॉर्कला जावं. तिथे 'गेट' म्हणजे रस्ता, जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गाता'वरून. आणि वेशीला म्हणतात 'बार'. मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट या रस्त्यावरची वेस. तिथले 'स्निकलवेज' बोळ मध्ययुगीन वाटतात, आहेतही, पण तो शब्द १९८३ मध्ये मार्क जोन्स यांनी स्निकेट, गिनेल आणि ॲलीवे जोडून घडवला.

यादीत एक तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. ब्रिटनमधल्या अनेक स्थानिक परिषदा आज नवी वसाहत झाली की 'क्लोज' हे नाव फक्त पुढे बंद असलेल्या रस्त्याला द्यायला सांगतात. पण हे नियम नव्या रस्त्यांना नाव देण्यापुरते आहेत. कित्येक शतकं आधी बारसं झालेल्या गल्ल्यांना ते लागू होत नाहीत.