सच्च्या फुटबॉलप्रेमींना चार हिताच्या गोष्टी

वाचकहो, फुटबॉलचे सच्चे भक्त व्हायचे असेल, तर सर्वप्रथम मैदानाकडे पाहण्याची सवय सोडा. बेळगावात बसून मँचेस्टर युनायटेडला ‘आपला संघ’ म्हणावे, इंग्लिश लीगची वीस विजेतेपदे घरच्या कपाटात असल्यासारखी मोजावीत, आणि त्यांतले शेवटचे २०१३ सालचे आहे असे कोणी काढलेच, तर ‘तुला वारसा कळत नाही’ एवढे सुनावून दुसरा चहा मागवावा.

मेस्सी थोर की रोनाल्डो, यावर मत ठाम असावे. सामना पाहिलेला असण्याची अट नाही.

आपल्याच गावच्या लेले मैदानावर खेळणाऱ्या एकाही पोराचे नाव ठाऊक नसावे.

तिकिटांच्या बाबतीत मात्र कष्ट घ्यावे लागतात. गेल्या वर्षी, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत एफसी गोवा आणि रोनाल्डोचा सौदी संघ अल नासर यांचा सामना गोव्यात फातोर्ड्याला होता. अशा वेळी विक्री सुरू होताच दहा तिकिटे उचलावीत आणि ‘काका, तुम्ही म्हणून देतो’ असे म्हणत ती तिप्पट किमतीने ओळखीच्यांच्याच गळ्यात मारावीत. रोनाल्डो संघासोबत आलेला नाही हे कळले, तरी एक रुपया कमी करू नये. ‘शेवटच्या विमानाने येईल’ ही आशाही त्याच दरात विकावी. तेवढ्यानेही पोट भरत नसेल, तर एकाच तिकिटाचा क्यूआर कोड दोघांना पाठवावा, जसा मला आणि आणखी कोणा अभाग्याला पाठवला गेला. चौदा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी अनमोडचा घाट उतरलो (त्या रस्त्याविषयी खानापूरकरांना मी काय सांगावे), दारावरच्या यंत्राने भाच्याला हिरवा दिवा दाखवला आणि मला लाल. पोराला एकट्याला आत धाडून मी बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. दोन गोल खाल्लेल्या गोव्याकडून ब्रायसन फर्नांडिसने मध्यंतरापूर्वी एक फेडला, तो मला आतल्या आरोळीवरून कळला.

दुसऱ्या दिवशी तिकीट विकणाऱ्या महाशयांना जाब विचारला, तर उत्तर मिळाले, ‘काका, रोनाल्डो आलाच नाही की, मग तुमचं चुकलं काय?’

चुकले काय? अरे, गोव्याच्या पोराने अल नासरवर गोल केला, तो पाहायचा चुकला! ब्रायसनचे नाव काढले, तर तुम्ही ‘तो कोण?’ असे विचारलेत आणि त्याच दमात रोनाल्डोच्या वारशावर मला अर्धा तास शिकवलेत. तुमची चार तिकिटे शेवटपर्यंत खपली नाहीत, ती मोबाइलमध्येच कुजली. भाच्याचे दोन सवंगडी मात्र तुमचा दर ऐकून घरी बसले. याला प्रेम म्हणत नाहीत, नासाडी म्हणतात, आणि एकच तिकीट दोघांना विकणे ही तर उघड चोरी आहे. माझ्या तिकिटाचे पैसे शनिवारपर्यंत घरी आणून द्या. तुमचे घर टिळकवाडीत कुठे आहे, हे मला ठाऊक आहे आणि तुमच्या वडिलांना मी शाळेपासून ओळखतो.