इन्फ्रारेड किरणांनी पाणी फोडलेलं नाही

'अमेरिकेत इन्फ्रारेड किरणांनी पाणी फोडून हायड्रोजन मिळवला, पाणी फुटतानाचे फोटोही काढले' असा मजकूर फिरतो आहे. यात तीन चुका आहेत.

मूळ काम बर्कलीच्या लॉरेन्स राष्ट्रीय प्रयोगशाळेतलं, हाइन्झ फ्राय यांच्या गटाचं, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, होते कोबाल्ट ऑक्साइडचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण). अभिक्रिया सुरू केली ती दृश्य प्रकाशाने. रुथेनियमचं संयुग तो प्रकाश शोषतं, त्याचा इलेक्ट्रॉन परसल्फेट हे इलेक्ट्रॉन ओढून घेणारं रसायन घेतं आणि मग ते संयुग उत्प्रेरकाकडून इलेक्ट्रॉन ओढतं. म्हणजे हायड्रोजन बनायला लागणारे इलेक्ट्रॉन परसल्फेटकडे गेले. हायड्रोजन तयार झालाच नाही, बाहेर पडला तो ऑक्सिजन. इन्फ्रारेडचं काम फक्त पाहणी करण्याचं.

आणि 'फोटो' म्हणजे वर्णपटातले पट्टे, म्हणजे कोणत्या बंधाने कुठला इन्फ्रारेड शोषला याच्या खुणा. प्रति सेंटिमीटर १०१३ लहरी (इन्फ्रारेड मोजण्याचं एकक) याजवळचा पट्टा उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरच्या सुपरऑक्साइडचा (दोन ऑक्सिजन अणूंची जोडी), ८४० जवळचा कोबाल्ट-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा. हे पट्टे त्यांचेच कशावरून? साध्या ऑक्सिजनऐवजी ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) असलेलं पाणी वापरलं. अणू जड झाला की बंधाचं कंपन मंदावतं, पट्टा खालच्या आकड्याकडे सरकतो. सुपरऑक्साइडचा पट्टा तसा सरकला. माझ्या मते या कामातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच, आणि नेमका तोच फिरत्या मजकुरात नाही.

पाणी स्वतःच इन्फ्रारेड भरपूर शोषतं, त्यामुळे ज्या स्फटिकातून इन्फ्रारेड सोडतात त्याला लागून असलेला अगदी पातळ थरच तपासावा लागतो. दोन मध्यस्थ, म्हणजे अभिक्रियेत मधेच बनणारे टप्पे, सापडले, हे खरं. पण त्यामुळे अभिक्रियेची प्रत्येक पायरी दिसली असं होत नाही.