धोंड कोण लोटणार?

ईस्टरची, म्हणजे येशू मरणातून उठल्याच्या सणाची, तारीख दर वर्षी हलते याची लोकांना मौज वाटते. मला तिचा हेवा वाटतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे ग्रेगोरियन पंचांगात ईस्टर कितीही हलला तरी २२ मार्च ते २५ एप्रिल एवढ्यातच हलतो. माझ्या लग्नाच्या तारखेला असं कुंपण नाही. गेली बारा वर्षं ती मोकाट आहे.

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. वय सांगायची मला हौस नाही, पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ते सगळ्यांना वचनासारखं पाठ आहे, आणि त्याला कारण बायबलमधला इसहाक. रिबकेशी लग्न झालं तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, असं उत्पत्ती या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे. हा दाखला एका काकांनी मला पंचविशीत दिला, तेव्हा पंधरा वर्षांची मुदत मिळाल्यासारखं वाटलं होतं. आता अकरा महिने उरलेत आणि काकांनी इसहाकाचं नाव टाकलंय. हल्ली ते इसहाकाच्या मुलावर, याकोबावर आलेत. राहेलीशी लग्नासाठी तो सात वर्षं राबला आणि ती वर्षं त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, एवढं सांगून काका थांबतात. पुढचं मी सांगते. लग्नानंतर सकाळी उठून बघतो तर राहेलीऐवजी तिची थोरली बहीण लेआ! मग आणखी सात वर्षं राबणं. यावर काका घड्याळ बघतात.

'लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात' हे वाक्य ख्रिस्ती माणसाने तरी जपून वापरावं. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी येशूला पेचात पकडायला विचारलं होतं, की एकीने एकापाठोपाठ सात भावांशी लग्न केलं, तर पुनरुत्थानानंतर ती कुणाची बायको? त्याने सांगितलं, तिथे कुणी लग्न करत नाही आणि कुणी लग्न करूनही देत नाही. म्हणजे स्वर्गात स्थळं येत नाहीत. हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला, की म्हणजे जे काही व्हायचं ते इथेच, आणि लवकर.

गुड फ्रायडे हा माझा वर्षातला सगळ्यात निवांत दिवस. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर संदेश चालू असतात, सगळ्यांच्या माना खाली. वधस्तंभाखाली उभं राहून "मग, कुठे जमतंय का?" असं विचारायची अजून तरी कुणाची छाती झालेली नाही. खरी कसोटी शनिवारची. त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावाच्या येशूच्या चरित्रांत, फारच थोडं आहे. लूक सांगतो की स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथाला विसावा घेतला. मत्तय सांगतो की याजक आणि परूशी (धर्मनियमांचे कट्टर लोक) रोमी सुभेदार पिलाताकडे गेले, येशूच्या कबरेवरच्या धोंडेवर शिक्का मारला, पहारा बसवला. म्हणजे प्रभूच्या माणसांना काही सुचत नव्हतं आणि धावपळ चालली होती ती दुसऱ्याच लोकांची. माझाही शनिवार असाच जातो. मी गप्प घरी असते, आणि तिकडे मंडळीतल्या मावश्या फोनवर फोन करत असतात.

यंदा त्यातला एक फोन माझ्याकडेच आला. "आमची फार आशा होती गं, की यंदा तुझं होईल," मावशी म्हणाल्या.

'होती.' मी फोन ठेवला आणि त्या क्रियापदाकडे बघत बसले. येशू उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेले ते दोघे शिष्यही हेच म्हणतात, इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच अशी आमची आशा होती. अकराएक किलोमीटरची वाट, पडलेले चेहरे आणि भूतकाळी क्रियापद. बरं, हे गाऱ्हाणं ते सांगतायत कुणाला, तर शेजारून चालणाऱ्या, त्यांनी न ओळखलेल्या, उठलेल्या प्रभूलाच! मला त्या दोघांचा फार लळा आहे. मावशींचाही लागेल, हळूहळू.

ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे असतं. "तुला काय, मागे कुणी नाही," असं म्हणून ते दहा वर्षांपूर्वी गळ्यात पडलं ते पडलंच. अंधारात खुर्च्या ओढताना मला मार्कातल्या त्या बायका आठवतात. सुगंधद्रव्यं घेऊन भल्या पहाटे निघाल्या आणि वाटेत एकमेकींना विचारतायत की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार. अगं, हे निघायच्या आधी विचारायचं ना! पण त्या काही आशेने निघालेल्या नव्हत्या. देहाला सुगंधद्रव्यं लावायची राहिली होती, म्हणून निघाल्या होत्या. मीही आशेने वगैरे येत नाही. खुर्च्या असतात, म्हणून येते. आणि धोंडेचं म्हणाल, तर लग्न न झालेली मुलगी म्हणजे आईबापांच्या गळ्यातली धोंड, हे मी इतक्यांदा ऐकलंय की तो उतारा वाचला जाताना मला क्षणभर कळत नाही की आपण बायकांच्या बाजूने ऐकतोय की धोंडेच्या.

सूर्य वर आला. "प्रभू उठला आहे!" पाळक म्हणाले. "खरोखर उठला आहे!" आम्ही म्हणालो. हे ओरडताना माझा आवाज दर वर्षी फाटतो, आणि त्या एका मिनिटात मला इसहाक आठवत नाही, अकरा महिने आठवत नाहीत, काहीच आठवत नाही. मग योहानातला उतारा वाचला गेला. येशूची शिष्या मरीया मग्दालीया कबरेपाशी रडत उभी आहे, समोर येशू आहे, आणि तिला वाटतं हा माळी. तो तिला काही समजावत बसत नाही, देवाच्या वेळेवर संदेश देत नाही. नुसतं म्हणतो, "मरीये."

उपासना संपली आणि फोटो सुरू झाले. ईस्टरचे कपडे, जोडपी, पोरं, आजीआजोबा. फोटो कोण काढणार, तर जिला कुठल्याच चौकटीत उभं राहायचं नाही ती. माझ्या हातात एका वेळी चार फोन होते. "एक आडवा घे गं." "याचे डोळे मिटले, परत घे." चौदा कुटुंबं झाली. पंधराव्याचा धाकटा खुर्चीखाली शिरला, म्हणून मी गुडघ्यावर बसून त्याला बाहेर यायची विनवणी करत होते, तेव्हा मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. ताई नाही, 'अगं' नाही, अमक्यांची धाकटी नाही. नाव.

मागच्या रांगेत एकट्या बसणाऱ्या आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. "दे तो फोन," त्या म्हणाल्या. "तुझा कोण काढणार?"

त्यांनी फोन उलटा धरला, मग सुलटा धरला, मग मला उजेडाकडे तोंड करायला लावलं. फोटो माझ्याकडे आहे. तीन चतुर्थांश भागात आजींचा अंगठा आलाय, आणि त्याच्या पलीकडे, गुडघ्याला माती लागलेली, मी तोंड उघडं टाकून हसतेय.