ऑक्टोबरफेस्टला शनिवार टाळावा

जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअर-उत्सवाला शनिवारी संध्याकाळी जाण्याचा एका लेखातील सल्ला मला पटला नाही. मैदानात प्रवेश विनामूल्य असला, तरी तंबूत बसायला जागा मिळाल्याखेरीज बिअर मिळत नाही आणि शनिवारी गर्दी वाढली की तंबूंची दारे बंद होतात. नागपूरहून लेकी-जावयाकडे म्हणून तिकडे जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास तंबूबाहेरच्या बागेतले बाक गाठावेत. एक लिटरचा जाड काचेचा मग रिकामाही चांगलाच जड असतो. शिवाय ही बिअर सुमारे ६ टक्के मद्यार्काची असल्याने उपाशीपोटी घेऊ नये. सावजी रश्श्याला सरावलेल्या जिभेला तिथली भाजलेली कोंबडी (निदान मला तरी) अळणीच लागते. मोठी पाठपिशवी आत नेऊ देत नाहीत.