डेकल बदललं म्हणून विमान बदलत नाही

एअर इंडियाच्या जुन्या विमानांची मॉडेल करणाऱ्यांसाठी एक 'सोपा सल्ला' बराच पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: १/१४४ (खऱ्या विमानाच्या १४४ वा भाग) लिहिलेला बोइंग ७०७ चा कुठलाही किट आणा, एअर इंडियाची डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) लावा, विमान तयार. लॉकहीड कॉन्स्टेलेशन या त्याआधीच्या प्रवासी विमानाचंही तसंच. खटाटोप नको असेल तर धातूचं तयार मॉडेल घ्या, ते अचूकच असतं. आणि नाहीतरी जुन्या विमानांचे किट आता मिळत नाहीत. यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण चूक कळते ती रंगकाम संपल्यावर.

"कुठलाही ७०७ चालतो."

नाही चालत. बोइंग प्रत्येक ग्राहक कंपनीला एक क्रमांक देत असे. एअर इंडियाचा ३७. म्हणून १९६० पासून आलेली पहिली विमानं ७०७-४३७ आणि नंतरची ७०७-३३७ (बी आणि सी). इथे शंभराच्या जागचा आकडा बदलला की इंजिनही बदलतं. ४३७ ला रोल्स-रॉइसची कॉनवे, ३३७ ला प्रॅट अँड व्हिटनीची जेटी३डी. जेटी३डीच्या तोंडाशी मोठा पंखा असतो, त्यामुळे आवरण पुढे जाड, मग एकदम पायरी आणि मागे बारीक नळकांडं. कॉनवेचं आवरण सलग मागपर्यंत जातं आणि शेवटी आवाज कमी करणारं पन्हाळीदार तोंड असतं. हा फरक हातभर अंतरावरूनही दिसतो.

दुसरा फरक पंखांत. लांबी दोघांची सारखी, ४६.६१ मीटर, म्हणजे १/१४४ मध्ये ३२.४ सेंमी, धडावरून काहीच कळणार नाही. पण ४३७ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ४३.४१ मीटर, तर ३३७बी चे ४४.४२ मीटर. मॉडेलवर हे अनुक्रमे ३०.१ आणि ३०.८ सेंमी भरतं. किट उघडल्यावर आधी पट्टी लावा, मग डेकल शोधा.

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर कोसळलेलं, ज्यात डॉ. होमी भाभा गेले, ते 'कांचनजंगा' (व्हीटी-डीएमएन) ४३७ होतं. त्या नावाखाली जेटी३डी लटकलेली पाहून खरोखर वाईट वाटतं.

एअरफिक्स कंपनीचा जुना १/१४४ किट बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या कॉनवेवाल्या ७०७ चा आहे, तोच ४३७ साठी योग्य पाया. त्यावरच्या उठावाच्या रेषा सांधा घासताना अर्ध्या पुसल्या जातात. त्या जपत बसू नका, ६०० च्या पॉलिश पेपरने सगळ्याच काढून टाका. हाताशी मिनीक्राफ्ट कंपनीचा ३२०बी/सी (३३७ याच जातीची) असेल तर प्रत्येक पंखाचं टोक ३ मिमी कापा, उरलेला अर्धा मिमी घासून आणा आणि वळणदार टोक सरळ करा. त्याची जेटी३डी काढून कॉनवे बसवावी लागतात, पण ती इंजिनं चार वेगवेगळी कोरू नका. एकच नीट कोरा, सिलिकॉनचा साचा घ्या आणि त्यातून रेझिनची चार ओता. हाताने कोरलेल्या चारांत अर्ध्या मिमीचा फरक राहतोच आणि समोरून बघताना तो डोळ्यात भरतो.

"कॉन्स्टेलेशन म्हणजे कॉन्स्टेलेशन."

८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालेली 'मलबार प्रिन्सेस' ७४९ जातीची. १९५५ मध्ये बाँबस्फोटाने समुद्रात पडलेली 'काश्मीर प्रिन्सेस'ही ७४९ए. सुपर कॉन्स्टेलेशन म्हणजे १०४९, जी एअर इंडियाने ७४९ च्या नंतर घेतली. १०४९ सुमारे ५.६ मीटरने लांब आहे, १/१४४ मध्ये जवळपास ३९ मिमी, आणि ही वाढ पंखाच्या पुढे आणि मागे अशी दोन ठिकाणी विभागलेली आहे. खिडक्या बघा: ७४९ ला गोल, १०४९ ला चौकोनी. चौकोनी खिडक्यांची 'मलबार प्रिन्सेस' चूकच. १०४९ कापून ७४९ करण्यापेक्षा १/७२ मधला हेलर कंपनीचा ७४९ शोधावा. मात्र त्याचे पंख ५२ सेंमी भरतात, कपाट आधी मोजा.

७४७ बद्दल थोडक्यात: एअर इंडियाची २३७बी प्रॅट अँड व्हिटनीच्या जेटी९डी इंजिनांची. ब्रिटिश एअरवेजच्या २३६ चा किट घेतलात तर रोल्स-रॉइसच्या आरबी२११ ची लांब आवरणं हाती येतील.

"धातूचं तयार मॉडेल किटपेक्षा अचूक."

धातूने वजन येतं, अचूकता येत नाही. एकच साचा अनेक कंपन्यांच्या रंगात विकला जातो, त्यामुळे वरचीच इंजिनची चूक इथेही होते. शिवाय १/४०० वर पाव मिमी रुंदीची खाच प्रत्यक्षात १० सेंमीची फट ठरते. इतक्या फटी असलेलं विमान कुणी उडवलं नसतं. छपाई मात्र या मॉडेलांची उत्तम असते, हे मान्य.

"जुने किट मिळतच नाहीत."

मिळतात, पण सलग नाही. कंपन्या जुने साचे अधूनमधून बाहेर काढतात, एक खेप विकली की वर्षानुवर्षं थांबतात. मधल्या काळात जुना डबा घ्यावा लागतो, आणि त्यात बिघडलेली असते ती डेकल. पिवळी पडली असेल तर खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन द्या, पिवळेपणा उतरतो. वापरण्याआधी एक बिनकामाचा तुकडा पाण्यात टाका; तुकडे झाले तर उरलेल्या पानावर पारदर्शक वार्निशचा हात द्या आणि प्रत्येक चित्र कडेने कापा.

एअर इंडियाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे: मुख्य रंग लाल आणि तो बहुतेक पांढऱ्यावर. साधा लेझर प्रिंटर पांढरा छापू शकत नाही, पण इथे ते लागतच नाही. ७४७ च्या खिडक्यांभोवतीचे लाल झरोके पारदर्शक डेकल कागदावर घरी छापता येतात. चंदेरी पोटावर मात्र हाच लाल मातकट दिसतो, तिथे खाली पांढरी डेकल हवी. इंकजेटने छापलं तर भिजवण्याआधी वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या, नाहीतर शाई पाण्यात उतरते.

आणि मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून धड बंद करण्याआधी नाकात शिसं भरा. धडाची दोन्ही अर्धी आणि पंख टेपने जोडून, मुख्य चाकांच्या जागी पेन्सिल धरून तोल बघा. नाक खाली गेलं पाहिजे. शिसं पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नका. त्याची शिशाशी क्रिया होऊन ते काही वर्षांत फुगतं आणि नाकाचा सांधा आतून फाडतं. इपॉक्सी वापरा.