‘हात लागतो, टूल नाही’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

दादा, नेटच्या केबलच्या टोकाला जॅक दाबून बसवायच्या, म्हणजे क्रिम्पिंगच्या, टूलवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर प्रतिक्रिया टाकलीत त्याबद्दल आधी थँक्यू. राग आला नाही असं म्हणणार नाही, आला होता, चहा घेतल्यावर गेला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की वीस वर्षं अडीचशेच्या साध्या टूलवर हजारो जॅक मारलेत, क्रिम्पिंगला हात लागतो टूल नाही, मी उगाच लोकांना रॅचेटवालं महागडं टूल घ्यायला लावतोय, पास-थ्रू (वायरींची टोकं आरपार बाहेर येणारा जॅक) म्हणजे ज्यांना वायरी लावता येत नाहीत त्यांचं फॅड, आणि घरच्या माणसाने सरळ रेडीमेड पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक लावलेली तयार केबल) आणावी.

हाताचा मुद्दा एकदम मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे हो. तुमच्या हाताला कळतं कुठवर दाबायचं. मी लिहिलंय ते ज्याला अख्ख्या वर्षात सहा जॅक मारायचेत त्याच्यासाठी, त्याला हा अंदाज कुठून येणार? रॅचेट दुसरं काही करत नाही, दाब पूर्ण होईपर्यंत टूलचं तोंड उघडू देत नाही, बस्स.

माझंच सांगतो. पहिलं टूल मी पुण्यात तापकीर गल्लीतून आणलं, साधंच, निळ्या मुठीचं. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल टाकली, टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीने लागले, मी खूश. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि कॉम्प्युटरवर ९४ च्या वर काही जाईना. दोन दिवस नेटवाल्याचं डोकं खाल्लं, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. शेवटी जॅक खिडकीशी उजेडात धरून बघितला तर सात पिना एका रेषेत खाली बसलेल्या आणि आठवी, तपकिरी वायरची, केसभर वर, नख फिरवलं की तिथेच अडकायचं. साध्या टूलचा जबडा कात्रीसारखा मिटतो, त्यामुळे खिळ्याकडची बाजू आधी दाबली जाते आणि लांबची बाजू मागे राहते, त्यात पत्रा पातळ असला तर जोर लावल्यावर तोच वाकतो. ती पिन तांब्याला नुसती टेकून होती. टेस्टरचा दिवा लागायला तेवढं पुरतं पण गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठ वायरींच्या चारही जोड्या धड लागतात, त्या मिळेनात म्हणून लिंक गपचूप १०० वर उतरली, कारण १०० ला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना चालतात. तोच जॅक परत टूलमध्ये घालून दोन्ही हातांनी दाबला, लिंक लगेच १००० वर. म्हणजे तुमचं साधं टूल चालतं की, पण असा जॅक उजेडात धरून बघायची सवय असलेल्याच्या हातात.

पास-थ्रूबद्दल अर्धा सहमत. वायरी समोरून बाहेर येतात त्यामुळे दाबायच्या आधी रंगांचा क्रम डोळ्यांनी बघता येतो, नवख्याला हे फार बरं पडतं, फॅड नाही म्हणणार मी. पण पास-थ्रूच्या टूलमधलं ही टोकं कापणारं पातं बोथट झालं की वायर कापली न जाता ओढली जाते आणि तांब्याचं बारीक कुसळ समोर राहतं, शेजारच्या वायरीला टेकलं की संपलं, कॅमेऱ्याला त्याच केबलमधून पॉवर जात असेल तर जास्तच जपायला हवं. आणि पास-थ्रूचा जॅक साध्या टूलमध्ये दाबायला जाऊ नये, पुढे आलेली टोकं कापायला त्यात पातंच नसतं. हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहिलं.

पॅच कॉर्डचं म्हणाल तर टेबलावरच्या दोन मीटरसाठी मीही रेडीमेडच आणतो. भिंतीतून न्यायची असली की पंचाईत होते, जॅकसकट न्यायला त्यावरचं रबरी टोपण (बूट) धरून मोठं भोक पाडावं लागतं, नुसती कॅट ६ केबल जेमतेम ६ मिमीची असते, छोट्या भोकातून निघते. खरं तर भिंतीत कायमची केबल असेल तर जॅक मारूच नये, दोन्ही टोकांना आयओ बॉक्स (भिंतीवरचं नेटचं सॉकेट) लावून त्याच्या खाचांत पंचिंग टूलने वायरी दाबून बसवाव्यात आणि तिथून पुढे पॅच कॉर्ड.

अजून एक, तुमचे वीस वर्षांपूर्वीचे जॅक अजून टिकलेत त्याचं थोडं श्रेय केबललाही द्या. आता स्वस्तातल्या बंडलात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास येते, दोनदा वाकवली की तुटते, तिथे कितीही भारी टूल घ्या. ब्लेडने वायर खरवडून बघायची, आतून पांढरी निघाली की बंडल परत.

लेखात पास-थ्रूच्या पात्याचं आणि आयओ बॉक्सचं वाढवलंय. ‘साधं टूल घेऊच नका’ हे वाक्य काढून टाकलंय, ते जरा जास्तच झालं होतं.