जॉन विल्सन: शाळामास्तर, पाद्री आणि तलावपाळीवरचा वाद

ठाण्याच्या तलावपाळीवर आम्हा मित्रमंडळींत हे सगळं सुरू झालं ते अनघाच्या भाषणावरून. ती नौपाड्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. सावित्रीबाईंच्या जयंतीला सातवीच्या मुलांसमोर बोलायचं होतं, आणि त्यात नगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल यांचंही नाव घ्यायचं तिच्या मनात होतं. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीशी या दोघींची नावं जोडलेली आहेत. तिनं नुसतं एवढं सांगितलं आणि प्रकाश उसळला.

"घे की नावं. पण पुढचंही सांग मुलांना. मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. शिकवायचं निमित्त, बाटवायचा बेत."

मी म्हटलं, असं सरसकट बोलून काही हाती लागणार नाही. एक माणूस घेऊ आणि त्याच्यापुरतं बोलू. जॉन विल्सन घे. प्रकाश म्हणाला, "विल्सन कॉलेजवाला? घे. त्याच्यावर तर माझं म्हणणं अजून सोपं होईल."

अण्णांना विल्सन कॉलेज ठाऊक होतं, विल्सन नव्हता. म्हणून थोडक्यात सांगितलं. स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचा, जन्म १८०४. बायको मार्गारेटबरोबर १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. मराठी शिकायला दोघं कोकणात गेली, बाणकोट-हर्णैच्या बाजूला, कारण तिथे स्कॉटिश मिशनचं ठाणं आधीपासून होतं. मग मुंबईत १८३२ मध्ये इंग्रजी शाळा काढली. तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. चौपाटीवरची इमारत मात्र त्यानं पाहिली नाही. तो १८७५ मध्ये मुंबईतच वारला, इमारत १८८९ ची.

"आणि हे सगळं कशासाठी?" प्रकाशनं विचारलं.

ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. मी हे लगेच कबूल केलं, कारण ते खुद्द विल्सननं कधी लपवलं नव्हतं. माझा सगळा मुद्दाच तो आहे. प्रकाश ज्याला छुपा बेत म्हणतो तो छुपा नव्हता. विल्सन चारचौघांत उभा राहून सांगायचा की तुमचा धर्म चुकीचा आहे, माझा खरा आहे, या बोलायला. आणि लोक आले बोलायला! मोरभट दांडेकरांनी त्याच्याशी जाहीर वाद घातला आणि १८३१ मध्ये 'श्रीहिंदुधर्मस्थापना' छापून काढलं. त्याला उत्तर म्हणून विल्सननं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाची मांडणी मला फार बोलकी वाटते. सुरुवातीला मोरभटांच्या पुस्तिकेचं भाषांतर आहे, आणि मग विल्सनचं उत्तर. म्हणजे वाचणाऱ्यानं आधी मोरभटांचं ऐकायचं, मग त्याचं. आज आपण एखाद्याला झोडपताना त्याचं म्हणणं पूर्ण छापतो का? पुस्तकातली टीका कडवट आहे, आपल्या देवांबद्दल तो जे लिहितो ते वाचताना मलाही राग येतो. पण समोरच्याला बोलू न देता जिंकायचं, हे त्याला मान्य नव्हतं.

अण्णा म्हणाले, "दर्पणही त्याच सुमाराचं, नाही का?" बरोबर. बाळशास्त्रींचं दर्पण ६ जानेवारी १८३२ ला निघालं. त्या काळची मुंबई अशीच वाद घालत होती, आणि विल्सन त्या वादातला एक मोठा गडी होता.

प्रकाश इथे थांबला नाही आणि थांबायला नकोच होतं, कारण त्याच्याकडे खरा मुद्दा होता. "मोठ्या माणसांशी वाद घातला, ठीक. मुलांचं काय? पारशी पोरांचं प्रकरण?"

१८३९ चं प्रकरण. विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातले धनजीभाई नवरोजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. समाज हादरला, प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, मुलाला कळतंय, तो हवं तिथे जाऊ शकतो. धनजीभाई मिशनकडेच राहिले, पुढे स्कॉटलंडला जाऊन स्वतः पाद्री झाले. पण शाळेचं काय झालं? पालकांनी मुलं काढून घेतली. वर्ग जवळजवळ रिकामे पडले.

यावर अनघा बोलली ते महत्त्वाचं. "मी पालकसभा घेते रे दर वर्षी. आईबाप मूल आपल्या हवाली करतात ते भाषा नि गणित शिकायला. त्या विश्वासावर मी दुसरं काही उभं केलं, आणि ते कितीही उघड केलं, तरी त्या आईबापांना ते फसवणूकच वाटणार."

मी म्हटलं, पण पालकांना माहीत होतं. शाळेत बायबल रोज शिकवलं जायचं, ते चोरून नव्हतं. इंग्रजी हवं होतं म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

"माहीत असणं आणि पोरगं घरी न येणं यात फरक आहे," ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

प्रकाशनं मग श्रीपाद शेषाद्रीचं नाव काढलं. हे १८४३ चं. श्रीपादचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता, धाकटा श्रीपाद मिशनच्या घरी राहत होता, वय जेमतेम बारा. वडील कोर्टात गेले आणि या खेपेला कोर्टानं मूल वडिलांना दिलं. मुलगा घरी आला, पण परधर्मीयांच्या पंक्तीला जेवलेला. जातीत घेणार कोण? बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले, प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून झटले, आणि त्यापायी सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. विल्सन तेव्हा रजेवर मायदेशी होता, प्रकरण त्याच्या सहकाऱ्यांनी हाताळलं. पण तो इथे असता तर वेगळं वागला असता असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलाला धर्म निवडायचा अधिकार असतो असं मिशन कोर्टात सांगत होतं. ते चूक होतं. प्रकाशला मी तसं स्पष्ट सांगितलं.

तेवढ्यात विन्सीनं तोंड उघडलं. विन्सी इथल्याच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरातला, आणि असा विषय निघाला की सगळे त्याच्याकडेच बघतात. तो वैतागून म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? आमची घरं पोर्तुगीजांच्या काळापासूनची कॅथलिक. विल्सन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतला, त्याला पोपच मान्य नव्हता. तो आमच्यातला नव्हे. पण माणूस म्हणून त्याचं एक मला आवडतं, ते १८४३ चं."

ते मीच सांगायला हवं होतं. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये त्या साली मोठी फूट पडली. गावचा पाद्री कोणी नेमायचा, जमीनदारानं की मंडळीनं, हा मुळातला वाद. मंडळीचा हक्क मानणारे बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. विल्सन आणि त्याचे मुंबईतले सहकारी फ्री चर्चबरोबर गेले. मुंबईतल्या त्यांच्या शाळेची नवी वास्तू नुकती आकाराला आली होती. इमारत, ग्रंथालय, प्रयोगाची उपकरणं, सगळं जुन्या चर्चच्या मालकीचं. ते सगळं सोडून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शाळा मांडली. नुसता जम बसवायला आलेला माणूस असं करत नाही, असं विन्सीचं म्हणणं. प्रकाश म्हणाला, "तत्त्वाचा पक्का होता, मान्य. पण पक्का माणूसच जास्त बाटवतो." यावर विन्सीही हसला.

मला मात्र वाटतं, आपण इतका वेळ विल्सनवर बोललो आणि मार्गारेटला विसरलो. मुंबईला आल्याच वर्षी, १८२९ मध्ये, तिनं मुलींच्या शाळा सुरू केल्या. मराठी शिकून, घरोघरी जाऊन, मुली गोळा करून. मुलीला अक्षर ओळखता आलं तर घरावर संकट येईल असं मानणाऱ्या काळात. नवऱ्याच्या शाळेत मुलांना पाठवण्यात फायदा होता, इंग्रजी आलं की नोकरी. मुलीला पाठवण्यात घरच्यांना तसा कसलाही फायदा नव्हता, म्हणून तिचं काम मला अधिक अवघड वाटतं. १८३५ च्या एप्रिलमध्ये ती मुंबईत वारली. इथे जेमतेम सहा वर्षं मिळाली तिला. मग तिच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि काम पुढे चालू राहिलं. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा मूळ तिचीच. अनघानं लगेच पर्समधून भाषणाचा कागद काढला आणि समासात पेन्सिलीनं मार्गारेटचं नाव लिहिलं.

अण्णांना आफ्रिकेतल्या मुलांची गोष्ट सांगितली, ती त्यांना फार भावली. आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये छोटी आगबोट घेऊन आफ्रिकेहून मुंबईला आला, तेव्हा त्याच्याबरोबर गुलामांच्या व्यापाऱ्यांकडून सोडवलेली चुमा आणि विकतानी ही दोन मुलं होती. त्यानं ती विल्सनच्या शाळेत ठेवली. हाच चुमा पुढे लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत परत गेला, आणि १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर सुसी आणि इतर साथीदारांबरोबर त्याचं शव शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत घेऊन आला.

"त्या दोघांनाही बाप्तिस्मा दिला असेल," प्रकाश म्हणाला. दिला होता. मी हो म्हटलं. अण्णा म्हणाले, "देऊ दे ना. ज्या पोराला विकलं होतं त्याला कोणीतरी बाकावर बसवून पाटी दिली." दोघांचं जुंपलं, आम्ही मध्ये पडलो नाही.

माझ्या मते प्रकाशच्या गांडुळाला खरं उत्तर शाळेतून बाहेर पडलेल्यांनी दिलंय. इतकी मुलं शिकली, त्यातली ख्रिस्ती किती झाली? मूठभर. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले १८४१ पासून शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत, पण शाळा काढायला शिकले. लोकांनी हवं ते घेतलं, नको ते ठेवलं. ते काही गळाला लागलेले मासे नव्हते. मिशनऱ्यांना मोठं करण्याच्या नादात आपण आपल्याच माणसांची अक्कल कमी लेखतो, आणि त्यांना खलनायक करतानाही नेमकं तेच करतो.

आणि विल्सनही बदलत गेला. आला तेव्हा आपल्या ग्रंथांतल्या चुका काढायला वाचत होता, पुढे त्या वाचनातच रमला. गिरनारच्या अशोकाच्या लेखाची नक्कल त्यानं ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपला पाठवली. लेण्यांच्या पाहणीसाठी नेमलेल्या मंडळात काम केलं, आपल्या कान्हेरीवरही लिहिलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती काढून बघा, सुरुवातीला मराठी भाषेवर टिपण आहे ते विल्सनचं. पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच्या नावानं विद्यापीठात भाषाशास्त्राची व्याख्यानमाला सुरू झाली आणि १८७७ मध्ये ती व्याख्यानं दिली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी, संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर. एका पाद्र्याच्या नावाच्या व्यासपीठावरून आपल्या भाषांचा इतिहास आपल्या माणसानं मांडला.

प्रकाशनं हे सगळं ऐकून घेतलं. भांडारकरांबद्दल त्याला आदर आहे, त्यावर तो काही बोलला नाही. पण अनघाला म्हणाला, "मार्गारेटचं नाव घेतेस तर श्रीपादचंही घे. बारा वर्षांचा होता, तुझ्या सातवीतल्या पोरांएवढाच."

अनघानं ते मान्य केलं. विन्सी म्हणाला, मुलं नक्की विचारतील की श्रीपादला स्वतःला काय हवं होतं. अण्णांचं मत, तो प्रश्न भाषणातच विचारावा. अनघा म्हणाली, बाळशास्त्रींचं सांगितल्याशिवाय तो प्रश्न विचारता येणार नाही आणि भाषणाला दहाच मिनिटं आहेत. मग सुरुवातीची मान्यवरांच्या स्वागताची वाक्यं तिनं खोडून टाकली.